मुलांच्या फोनवरचं पालक-नियंत्रण आणि अडकलेला फोन परत उघडणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक-नियंत्रणाबद्दलचे बहुतेक प्रश्न फोन बंद पडल्यावरच विचारले जातात. मूल रडकुंडीला आलेलं असतं, आई-बाबांना पासवर्ड आठवत नसतो आणि हाताला लागेल तो उपाय करून पाहिला जातो. म्हणून इथे अडकलेल्या फोनचे प्रश्न आधी घेतले आहेत. नियंत्रण कसं लावावं, किती लावावं हे त्यानंतर.

फोन उघडत नाहीये. सुरुवात कुठून करू?

आधी काहीही दाबू नका. नेमकं कोणतं कुलूप लागलंय ते ओळखा. ती चार प्रकारची असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

पडदा पिन, पॅटर्न किंवा पासकोड मागत असेल तर ते फोनचं स्वतःचं कुलूप आहे. 'आजची वेळ संपली', 'झोपेची वेळ' अशा अर्थाचा संदेश दिसत असेल तर ते पालक-नियंत्रणाचं कुलूप. फोन धडधाकट आहे, फक्त वेळेची मर्यादा लागू झाली आहे. फोन उघडतो पण स्क्रीन टाइमचा (आयफोनमधल्या पालक-नियंत्रणाचा) चार आकडी पासकोड मागतो, किंवा एखादं ॲप घ्यायला पालकांचा पासवर्ड मागतो, तेव्हा अडचण पालकांच्या खात्याची असते. आणि रिसेट केलेला फोन सुरू होताना 'या फोनवर आधी असलेलं खातं टाका' म्हणत असेल तर ते चोरीविरोधी कुलूप आहे.

हे ओळखणं इतकं महत्त्वाचं का? कारण दुसऱ्या प्रकारच्या, दोन मिनिटांत सुटणाऱ्या कुलपावर उपाय म्हणून लोक फोन रिसेट करतात आणि थेट चौथ्या प्रकारात जाऊन अडकतात. फोटो जातात ते वेगळंच.

फॅमिली लिंक या गूगलच्या पालक-नियंत्रण ॲपमधली वेळ संपली आणि फोन बंद झाला. मुलाच्या फोनवर इंटरनेटही नाही. आता?

इंटरनेट असेल तर पालकांच्या फॅमिली लिंक ॲपमधून मुलाचं नाव उघडून त्या दिवसापुरता जादा वेळ देता येतो. मुलाच्या फोनपर्यंत तो आदेश पोचायला क्वचित थोडा वेळ लागतो, एवढंच.

इंटरनेट नसेल तर पालकांचा ॲक्सेस कोड वापरायचा. तो पालकांच्या ॲपमध्ये दिसतो. मुलाच्या कुलूपबंद पडद्यावर पालकांसाठीचा पर्याय निवडून तो टाकला की फोन उघडतो. हा कोड ठरावीक काळाने बदलत राहतो. त्यामुळे फोनवर बोलत असतानाच मुलाला सांगावा; कागदावर लिहून दप्तरात ठेवलेला कोड कामाला येणार नाही. दोन्ही फोनची घड्याळं बरोबर असायला हवीत, म्हणून वेळ आपोआप ठरवण्याची सेटिंग चालू ठेवा. कुटुंबातल्या फार थोड्या जणांना ही सोय माहीत असते. अडचण येण्याआधीच एकदा दोघांनी मिळून ती वापरून पाहावी.

वेळ संपल्यावरही मुलाला आलेला फोन घेता येतो आणि आणीबाणीचा फोन लावता येतो. 'नेहमी चालू' म्हणून ठरवलेली ॲपही चालतात. तुमच्याशी संपर्काचं एक तरी साधन त्या यादीत असलंच पाहिजे.

मुलगी अँड्रॉइड फोनचा पिन विसरली आहे. डेटा न घालवता उघडता येईल का?

बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून फोन अजून उघडत असेल तर तो कोणत्याही परिस्थितीत बंद करू नका आणि रीस्टार्टही करू नका. रीस्टार्ट झाल्यावर फोन पिनच मागतो, ठसा चालत नाही. रीस्टार्ट केला नाही तरी अधूनमधून तो पिन मागतोच. तेव्हा मिळालेला हा वेळ मोलाचा आहे. लगेच चार्जिंगला लावा, फोटो आणि फाइल क्लाउडवर किंवा कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, संपर्क खात्यात साठवले जातायत ना ते पाहा. ठशाने आत जाता येतं, पण पिन बदलायला जुना पिनच लागतो. म्हणून नंतर फोन पुसावा, म्हणजे त्यातलं सगळं काढून टाकावं लागणार हे गृहीत धरूनच कामाला लागा.

फोन अजिबातच उघडत नसेल तर आधी मुलीला शांतपणे बसवा. पिन डोक्यातून गेला तरी बोटांना पुष्कळदा आठवतो. पॅटर्नच्या बाबतीत तर हे फारच खरं. रागावलेल्या माणसासमोर मात्र तो आठवणार नाही. चुकीचे आकडे भराभर टाकत राहू नका. दर काही प्रयत्नांनंतर वाट पाहण्याचा काळ वाढत जातो.

तरीही जमलं नाही, तर फोन पुसणं हाच मार्ग उरतो. फोन इंटरनेटला जोडलेला असेल तर गूगलच्या 'फाइंड हब'मधून, म्हणजे पूर्वीच्या 'फाइंड माय डिव्हाइस'मधून, तो दुरून पुसता येतो. नसेल तर बटणं दाबून रिकव्हरीतून, म्हणजे फोन सुरू होण्याआधी उघडणाऱ्या दुरुस्तीच्या पडद्यातून, रिसेट करावा लागतो. दोन्ही वेळा नंतर मुलीच्या खात्याचा पासवर्ड लागेल आणि खातं देखरेखीखाली असल्यामुळे पालकांचाही लागेल. दोन्ही पासवर्ड चालतायत याची दुसऱ्या उपकरणावर आधी खात्री करा, मगच पुसा. आणि पासवर्ड नुकताच बदलला असेल तर पुसण्याआधी एक दिवस थांबा.

आणि आयफोनचा पासकोड विसरला असेल तर?

पासकोड गेल्या ७२ तासांत बदललेला असेल आणि फोनवर आयओएस १७ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल, तर नशीब चांगलं आहे. पासकोड चुकल्यावर दिसणाऱ्या 'फरगॉट पासकोड' पर्यायातून जुना पासकोड टाकता येतो आणि काहीही न गमावता नवा ठरवता येतो. मुलांनी कोणाच्या तरी सांगण्यावरून पासकोड बदलला आणि दुसऱ्या दिवशी विसरला, असं पुष्कळदा होतं. त्या वेळी हीच सोय कामाला येते.

एरवी चुकीच्या प्रयत्नांनंतर आधी १ मिनिट, मग ५, १५ आणि ६० मिनिटं थांबावं लागतं. फोन पूर्ण अडकला की त्याच पडद्यावरून तो पुसता येतो, पण इंटरनेट आणि फोनवरच्या ॲपल खात्याचा पासवर्ड हवा. मुलाच्या खात्याचा पासवर्ड आठवत नसेल तर घाबरू नका. फॅमिली शेअरिंगमध्ये, म्हणजे ॲपलच्या कौटुंबिक गटात, लहान मुलाचा पासवर्ड पालक आपल्या आयफोनवरून, सेटिंग्जमधल्या 'फॅमिली' विभागात मुलाचं नाव उघडून बदलू शकतात. बॅकअप असेल तर डेटा परत येईल, नसेल तर येणार नाही. दुकानदाराने काहीही सांगितलं तरी यात तिसरी वाट नाही.

स्क्रीन टाइमचा पासकोड मीच ठेवला होता आणि मीच विसरलो.

फोनच्या पासकोडपेक्षा हा वेगळा. स्क्रीन टाइम २०१८ मध्ये आयओएस १२ सोबत आलं, तेव्हापासून हे दोन पासकोड एकमेकांत मिसळून लोक गोंधळतात.

मूल फॅमिली शेअरिंगमध्ये असेल तर मुलाच्या फोनला हातही लावू नका. कुटुंबप्रमुखाच्या फोनवर स्क्रीन टाइम उघडा, मुलाचं नाव निवडा, पासकोड बदला. तिथे तुमच्याच फोनचा पासकोड किंवा चेहरा लागतो. पासकोड मुलाच्याच फोनवर बसून लावला असेल, तर बदलण्याच्या पर्यायात 'फरगॉट पासकोड' दिसेल आणि तो लावताना दिलेलं ॲपल खातं मागेल. म्हणून तो लावतानाच तुमचं खातं द्या, मुलाचं नको. नाहीतर मूलच तो पासकोड बदलू शकेल.

लावताना खातं दिलंच नसेल तर फोन पुसून नव्याने सुरू करावा लागतो. जुना बॅकअप परत टाकला की त्याच्यासोबत तो पासकोडही परत येतो. हे माहीत नसल्याने लोक सगळा उपद्व्याप पुन्हा पुन्हा करत बसतात. फोटो आधी वेगळे उतरवून घ्या.

ज्या गूगल खात्यावरून मुलाचा फोन सांभाळतो, तेच खातं उघडत नाही. काय करू?

या पानावरचा सगळ्यात गंभीर प्रश्न हाच. पालक-नियंत्रण म्हणजे मुलाच्या दाराला लावलेलं कुलूप; त्याची किल्ली मुलाच्या फोनमध्ये नसते, पालकांच्या खात्यात असते. त्या खात्याकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. बदललेला मोबाइल नंबर तिथे नोंदवलेला नसतो आणि पर्यायी ईमेल म्हणून दिलेलं खातं कधीच विस्मरणात गेलेलं असतं.

गूगलच्या खाते-पुनर्प्राप्तीचं पान उघडा. ते नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या ब्राउझरमधून आणि नेहमीच्या वाय-फायवरून उघडा. ओळखीच्या जागेवरून केलेला प्रयत्न गूगल अधिक विश्वासाने घेतं. जुने पासवर्ड आठवतील तेवढे खरेखुरे टाका. त्या खात्यात लॉग-इन असलेला एखादा जुना टॅबलेट कपाटात पडलाय का, तेही पाहा. असा एक टॅबलेट असला तरी काम होऊन जातं. कधी गूगल लगेच प्रवेश न देता काही तास किंवा काही दिवस थांबवतं. त्या काळात वेगवेगळ्या ठिकाणांहून प्रयत्न करत राहिलात तर संशय वाढतो. थांबा.

दरम्यान, मुलाचा फोन आधी ठरवलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालत राहतो. तो उघडतोय तोवर त्यातले फोटो आणि वह्या-नोंदी दुसरीकडे उतरवून ठेवा.

गूगलच्या कौटुंबिक गटात दुसऱ्या मोठ्या माणसाला पालकाची भूमिका दिलेली असेल तर रोजच्या परवानग्या आणि वेळा त्याच्या फोनवरून सांभाळता येतात. ॲपलमध्येही कुटुंबातल्या दुसऱ्या प्रौढ व्यक्तीला पालक म्हणून नेमता येतं. आई-बाबा वेगळे राहत असले तरी हे करून ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. आजारपण, अपघात, मृत्यू हे कुणाच्या हातात नाही. अशा दिवसांत मुलाचा फोन, त्यातले आवाज आणि फोटो बंद पडणं हा दुःखावर आणखी एक घाव असतो. आपल्यानंतर खात्यातला डेटा विश्वासातल्या माणसाला मिळावा म्हणूनच ॲपलने 'लेगसी कॉन्टॅक्ट' आणि गूगलने 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' दिले आहेत. अर्धा तास काढून ते आजच भरा.

फोन रिसेट केला. आता तो जुनं खातं मागतो.

अँड्रॉइडमध्ये हे संरक्षण २०१५ मध्ये आवृत्ती ५.१ पासून आलं. आयफोनमध्ये 'ॲक्टिव्हेशन लॉक' २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत. चोराला पुसलेला फोन वापरता येऊ नये हा त्यामागचा हेतू. फोनला तुम्ही आणि चोर यांतला फरक खात्यावरूनच कळतो. उपाय एकच : रिसेटच्या आधी फोनवर असलेलं खातं आणि त्याचा पासवर्ड. पासवर्ड विसरला असेल तर तो दुसऱ्या उपकरणावरून परत मिळवा.

फोन वापरलेला विकत घेतला असेल आणि त्यावर कुणा अनोळखी मुलाचं खातं निघालं, तर विकणाऱ्याला गाठा. आयफोन असेल तर त्याने आपल्या खात्यातून तो काढून टाकला की कुलूप सुटतं; अँड्रॉइडवर त्यालाच आपलं खातं आणि पासवर्ड टाकायला सांगा. आयफोन स्वतःचाच असून खातं हाती येत नसेल, तर खरेदीच्या मूळ पावतीसह ॲपलकडे विनंती करता येते. पावती जपून ठेवावी ती यासाठी.

इंटरनेटवर 'कोणतंही कुलूप उघडा' म्हणणारी सॉफ्टवेअर मिळतात. वापरू का?

नाही. ती कॉम्प्युटरमध्ये काय पेरतील याचा भरवसा नसतो. त्यांतली अनेक शेवटी फोन पुसण्याचंच काम करतात, जे तुम्हाला फुकटात करता येतं. तसंच सर्च करून सापडलेल्या 'कस्टमर केअर' नंबरवर फोन करू नका. घाबरलेला पालक म्हणजे ठगांना आयतं गिऱ्हाईक. फोन उघडून देण्यासाठी कुणी ओटीपी मागितला, किंवा स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं, तर तिथेच फोन ठेवा.

वेगळ्या कंपनीचं पालक-नियंत्रण ॲप टाकलं होतं. आता ते निघत नाही.

आधी त्या ॲपच्या पालक-खात्यातून फोन मोकळा करा. तोच सरळ रस्ता. तो बंद झाला असेल तर अँड्रॉइडवर सुरक्षेच्या सेटिंग्जमधल्या 'डिव्हाइस ॲडमिन' यादीतून त्या ॲपचा अधिकार काढा, ॲक्सेसिबिलिटीची परवानगी काढा, मग अनइन्स्टॉल करा. ॲप तिथेही अडवत असेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करून हेच करा. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप चालत नाहीत. आयफोनवर 'व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट'मध्ये त्या कंपनीचं प्रोफाइल आहे का ते पाहा; असेल तर काढून टाका.

मुलाच्या नकळत संदेश वाचणारी, पडद्याची चित्रं पाठवणारी छुपी ॲप टाकू नका. त्यांना फोनचे सगळे अधिकार द्यावे लागतात आणि मुलाचं खासगी आयुष्य एका अनोळखी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडतं. मुलाला ते कळल्यावर काय होतं, हे सांगायला नको.

टॅबलेट शाळेने दिलाय. त्यावरचं नियंत्रण काढता येईल का?

नाही; ते संस्थेचं आहे. शाळेलाच सांगा.

मूल १३ वर्षांचं झालं की काय बदलतं?

अनेक देशांत १३ हे वय ठरलेलं आहे, काही देशांत ते त्याहून जास्त आहे. त्या वयाखालचं मूल गूगल किंवा ॲपलवर पालकांशिवाय स्वतंत्र खातं चालवू शकत नाही. वाढदिवस जवळ आला की गूगल पालकांना आणि मुलाला आगाऊ कळवतं. देखरेख पुढेही चालू ठेवता येते. ॲपलवर स्क्रीन टाइम त्यानंतरही राहतं. इन्स्टाग्रामवर सप्टेंबर २०२४ पासून किशोरवयीनांसाठी वेगळी खाती आहेत आणि १६ वर्षांखालच्या मुलांना त्यातली बंधनं सैल करायला पालकांची संमती लागते.

खातं काढताना जन्मवर्ष खोटं टाकू नका, ही कळकळीची विनंती. 'वय वाढवून टाकलं की कटकट नाही' असं वाटतं खरं. पण मग त्या खात्याला मुलांसाठीचं कोणतंच संरक्षण मिळत नाही. आणि पुढे खरं वय उघड झालं तर देखरेख जोडेपर्यंत खातं बंद होऊ शकतं, तेही बहुधा परीक्षेच्या तोंडावर.

मुलगा नियंत्रण चुकवतो. आणखी कडक करू का?

आधी कसं चुकवतो ते पाहा. बहुतेक वेळा त्यात तांत्रिक करामत नसते : त्याने तुमचा पिन टाकताना पाहिलेला असतो, किंवा तो त्याच्याच जन्मतारखेचा असतो. कधी ॲप बंद असतं पण तेच ब्राउझरमध्ये उघडतं. कधी दुसरं, देखरेख नसलेलं खातं फोनवर असतं. या फटी बुजवा, जरूर बुजवा.

पण त्यानंतर कारण विचारा. वर्गाचा ग्रुप रात्री नऊला सुरू होतो आणि याचा फोन साडेआठला बंद होतो, एवढं साधं कारणही असू शकतं. मग तासाभराने वेळ वाढवणं हेच योग्य. एखाद्या मुलाला एकटं वाटत असतं, झोप येत नसते, कुणीतरी त्रास देत असतं. अशा मुलाचा फोन आणखी घट्ट बंद केला तर त्रास देणारा सुटतो आणि मूल अडकतं. त्रास देणाऱ्याचे संदेश दाखवले तर फोन काढून घेतला जाईल, अशी भीती असलेलं मूल ते कधीच दाखवणार नाही. 'तू सांगितलंस म्हणून फोन जाणार नाही' हे वाक्य शब्दशः म्हणा, आणि पाळा.

पहिल्याच दिवशी काय लावावं?

लहान मुलासाठी ॲप घेताना परवानगी, खरेदीला पासवर्ड, झोपेची वेळ, ठिकाण दिसणं आणि वयाप्रमाणे मजकुराची चाळणी. यूट्यूबसाठी मुलांचं वेगळं ॲप आहे. थोड्या मोठ्या मुलांना मुख्य यूट्यूबवर देखरेखीचं खातं देता येतं आणि त्यात मजकुराच्या पायऱ्या निवडता येतात. आयफोनवर नग्न चित्रं ओळखून मुलाला सावध करणारी 'कम्युनिकेशन सेफ्टी' १३ वर्षांखालच्या खात्यांत आपोआप चालू असते. ती बंद करू नका.

किशोरवयीनासाठी यातलं बरंचसं गळून पडलं पाहिजे. झोपेची वेळ आणि खरेदीचा पासवर्ड ठेवा. बाकीचं दर काही महिन्यांनी त्याच्याशी बसून ठरवा आणि एकेक सैल करत जा. काय लावलंय आणि का, हे प्रत्येक वयात मुलाला माहीत असावं. फोन त्याच्यासमोरच तयार करा.

मुलाचा पिन मला माहीत असावा का?

लहान असेपर्यंत हो. पुढे पिन बंद पाकिटात घालून घरात ठेवावा, पाकीट उघडायचंच झालं तर मुलाला सांगून उघडावं. ही पद्धत मला सगळ्यात भली वाटते. पिन विसरल्यावरची धावपळ वाचते आणि मुलाचा विश्वासही राहतो.

फोन धाकट्या भावंडाला द्यायचाय किंवा विकायचाय. क्रम काय?

आधी बॅकअप घ्या आणि तो दुसऱ्या उपकरणावर खरंच दिसतोय का ते उघडून पाहा. मग आयफोनवर 'फाइंड माय' बंद करून ॲपल खात्यातून बाहेर पडा. अँड्रॉइडवर मुलाचं गूगल खातं फोनवरून काढा, तिथे पालकांचा पासवर्ड लागेल. पुसणं यानंतर, सेटिंग्जमधूनच. शेवटी पालकांच्या ॲपमधल्या उपकरणांच्या यादीतून तो फोन गेला का ते बघा. फोन सुरू करून पाहा. कोणतंही जुनं खातं न मागता भाषा निवडण्याचा पडदा आला आणि पुढचे टप्पे पार पडले, की तो द्यायला हरकत नाही.